जिभेवरचं खानदान

माणसाची जीभ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही आणि कुत्र्याची मे महिन्यात आत जात नाही. पंजांचे तळवे सोडले तर बिचाऱ्याला घाम फुटायला जागाच दिलेली नाही. त्यामुळे अंगातली बरीचशी उष्णता तो धापा टाकत जिभेवाटे बाहेर घालवतो. इंदुरात पारा चाळिशी ओलांडून गेला की गल्लीतली यच्चयावत कुत्री जिभा लांब सोडून सावलीला पडतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या निवांत न्याहाळता येतात. आमच्या गराडूच्या जिभेवरचे काळे डाग जगजाहीर झाले ते असे.

गराडू हे नाव इंदूरबाहेरच्यांना जरा विचित्र वाटतं. गराडू हा एक कंद. थंडीत तो इथे तुपातेलात खरपूस तळतात, वर जीरावन भुरभुरवतात, लिंबू पिळतात आणि मग खाणारा काही वेळ कुणाशी बोलत नाही. आमचा गराडू अशाच थंडीत आमच्या गाडीखाली कुईकुई करत सापडला. रंगही कंदाचाच, तळण्याआधीचा. त्याची आई गल्लीतलीच, सर्वांच्या ओळखीची आणि सर्वांच्या पोळ्यांवर पोसलेली. वडिलांबद्दल मात्र गल्लीत एकमत नाही.

डाग तसे तीनच. जिभेच्या उजव्या कडेला तांदळाएवढे दोन आणि मधल्या खोलगट रेषेच्या डाव्या अंगाला एक बोराएवढा, निळसर काळा, कडेला किंचित फिसकटलेला. गराडू पाणी पितो तेव्हा जिभेचं टोक आत, म्हणजे हनुवटीकडे वळवतो आणि त्या उलट्या पळीने पाणी उचलून तोंडात फेकतो. सगळीच कुत्री पाणी असंच पितात, पण हे मला कळलं ते डाग बघायला त्याच्या वाडग्यापाशी उकिडवं बसल्यावर. पाणी उडून चष्म्यावर आलं, डाग अर्धाच दिसला.

गल्लीने मात्र तो पूर्ण पाहिला होता. आमच्या राजेंद्रनगरात मराठी वस्ती दांडगी, आणि मराठी माणूस एखाद्या डागाला नुसता डाग म्हणून सोडून देईल हे संभवत नाही. पंधरवड्याच्या आत गराडूच्या जिभेवर तीन विचारसरण्या उभ्या राहिल्या.

पहिली वंशवादी. तिचे प्रणेते समोरचे काका. काका बँकेतून निवृत्त झालेत, पण पडताळणीची सवय गेलेली नाही. फाटकातून आत येऊन त्यांनी गराडूचा जबडा दोन्ही हातांनी उघडला, मान तिरकी करून आत पाहिलं आणि खोट्या सहीचा धनादेश पकडल्याच्या आवाजात म्हणाले, "अरे, हा गल्लीतला नाहीच! ह्याच्यात चाऊचाऊ आहे."

चाऊचाऊ म्हणजे चीनचा तो सिंहासारखी आयाळ असलेला, सदा कपाळाला आठ्या घातलेला कुत्रा. त्याची अख्खी जीभ निळीकाळी असते. जन्मतात तेव्हा पिल्लांच्या जिभा चारचौघांसारख्या गुलाबीच असतात. आठ-दहा आठवड्यांत त्यांवर शाई चढत जाते. देवाने आभाळ रंगवताना निळ्या रंगाचे थेंब खाली सांडले, ते ज्या कुत्र्याने चाटले तो चाऊ, अशी कथा सांगतात. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७८९ च्या आपल्या पुस्तकात, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या एका तरुणाने कॅन्टनहून आणलेल्या अशाच जोडीचं वर्णन केलंय आणि त्यात निळ्या जिभेची नोंद आहे. फ्रॉइडकडे जोफी नावाची चाऊ होती. रुग्ण कोचावर पडून मनातलं सांगत असताना ती खोलीतच असे आणि वेळ संपली की उठून जांभई देई, असं फ्रॉइडच्या मुलाने लिहून ठेवलंय. म्हणजे व्हिएन्नातले भलेभले लोक आपल्या बालपणाचा उलगडा होण्याआधी एक काळी जीभ पाहून घरी जात होते.

काकांना हे सगळं मीच वाचून दाखवलं आणि इथे माझं चुकलं नाही, काकांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. कारण पुढची ओळ अशी होती की जिभेवर डाग असणं ही चाऊची मिरासदारी नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, डाल्मेशियन, रॉटवायलर अशा कितीतरी जातिवंत कुत्र्यांच्या जिभेवर डाग असतात. त्यांच्या सात पिढ्यांच्या नोंदी कागदावर असतात आणि त्यात चाऊ कुठेही डोकावलेला नसतो. गावठी कुत्र्यांच्या जिभेवरही असतात. पण "असतात" ह्या शब्दाने कुणाची छाती फुगत नाही.

खरी गंमत तर वेगळीच. अमेरिकन केनेल क्लबच्या नियमानुसार चाऊच्या जिभेच्या वरच्या बाजूला किंवा कडेला गुलाबी, लाल ठिपका दिसला की तो स्पर्धेतून थेट बाद. म्हणजे काळ्या जिभेवर गुलाबी ठिपका असला तर खानदान बुडालं, आणि गुलाबी जिभेवर काळा ठिपका असला तर खानदान सापडलं! ठिपक्याच्या अंगी मुळात काही नाही. तो कुणाच्या घरात उगवतो ह्यावर सगळं.

"पण काका, चीनचा कुत्रा इंदुरात येणार कसा?" मी विचारलं. बँकेतल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो मागच्या तारखेच्या नोंदी काढतो. दोन दिवसांनी काका माळव्याच्या अफूचा इतिहास घेऊन आले. आता हा इतिहास खराच आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्यातली अफू इंदूर-उज्जैनच्या सावकारांच्या हातून मुंबईला आणि तिथून जहाजांनी कॅन्टनला जायची. तिच्यावरच्या परवाना-शुल्कातून कंपनीने आणि तिच्या दलालीतून मुंबईच्या शेठियांनी अमाप पैसा केला. पुढे ह्याच अफूवरून चीनशी लढाई झाली. "जाताना जहाजं भरून अफू," काका म्हणाले, "आणि येताना काय रिकामी? चहा आणला, रेशीम आणलं, एखादा कुत्रा नसेल आणला?"

ह्याला उत्तर नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावर कुत्रा नव्हता हे राजेंद्रनगरात बसून सिद्ध करता येत नाही. गराडू त्या वेळी काकांच्या चपलेचा अंगठा चावत होता. काकांना त्यातही चिनी जोम दिसला.

दुसरी विचारसरणी शकुनवादी. तिची सूत्रं वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. ज्याच्या जिभेवर काळा डाग त्याचं वाईट बोलणं खरं होतं, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेलं असतं. वर्गात एक तरी मुलगी काळजिभी म्हणून प्रसिद्ध असते आणि ती "उद्या पेपर अवघड येणार" म्हणाली की बाकीच्या तिचं तोंड दाबायला धावतात. पेपर अवघड येतोच. तो तिच्या जिभेमुळे नव्हे, तर गणिताचा असतो म्हणून. पण कुत्र्याला हा नियम लावावा हे प्रथम काकूंना सुचलं. "बोलत नाही म्हणून काय झालं? रडतो ना?" त्या म्हणाल्या. दूधवाल्याने लगेच दुजोरा दिला, "काली ज़बान का है भिया, संभल के."

गराडू रडतो हे खरं. रोज सकाळी ठरल्या वेळी तो मान वर करून, डोळे मिटून दीर्घ हेल काढतो. आणि त्याच्या रडण्यानंतर जे व्हायचं ते न चुकता होतं: महापालिकेची कचरागाडी येते. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या गावात ही गाडी गाणं वाजवत दारोदार फिरते. माणसांना ते गाणं चौकात ऐकू येतं. कुत्र्याला दोन चौक पलीकडून. बाकी भाकितं कुणी केली असती तर गोष्ट वेगळी, पण ह्या एका बाबतीत आमच्या काळजिभ्याचा निकाल शंभर टक्के आहे. काकू त्याच्या रडण्यावर ओला आणि सुका कचरा घेऊन खाली येतात, आणि वर त्याला अपशकुनी म्हणतात.

शकुनाच्या शास्त्रात सुसंगतीचा हट्ट धरू नये हे मला मान्य आहे. पण काकूच दर शनिवारी शनीच्या नावाने तेल लावलेली पोळी घेऊन काळं कुत्रं शोधत हिंडतात. उज्जैनला कालभैरवाला जाऊन आल्या की तिथल्या कुत्र्यांना बिस्किटांचे पुडे सोडतात, कारण ते देवाचं वाहन. अख्खा कुत्रा काळा असेल तर साडेसाती टळते आणि बोटभर जीभ काळी असेल तर ओढवते, हा हिशेब मला कधी जमला नाही. मी त्यांना सुचवून पाहिलं की डागांच्या आकारमानाने गराडूला शनिवारी पोळीचा एक घास तरी लागू होतो. त्यांनी ते हसण्यावारी नेलं. गराडूने नेलं नाही. तो शनिवारी त्यांच्या दारात बसायला लागला.

शकुनवाद्यांचा बीमोड शेवटी आमच्या आईने केला. आईचं म्हणणं एकच: कुत्रं म्हणजे खंडोबाचं. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ, आणि त्या गावात राहून कुत्र्याला अपशकुनी म्हणता? खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात, कोटंब्यातला प्रसाद खाताना भो भो करत भुंकतात. जिथे माणसं देवासाठी कुत्रा व्हायला तयार, तिथे जन्मानेच कुत्रा असलेल्याला तुम्ही जीभ दाखवायला लावता? काकू गप्प झाल्या. देवादिकांच्या वादात आईपुढे टिकणं अवघड. तिच्याकडे दत्ताची चार कुत्रीही राखीव होती, ती काढायची वेळच आली नाही.

तिसरी विचारसरणी आरोग्यवादी, आणि ती सगळ्यांत भयंकर, कारण ती घाबरवते ते प्रेमाने. "दाखवून घ्या हो," एवढंच म्हणायचं, आवाज उतरवायचा आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडून निघून जायचं. असं चार जण म्हणाले की डाग बोराचा लिंबाएवढा दिसायला लागतो. कुणी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा म्हणालं, कुणी हळद लावा म्हणालं. एकाने स्वतःच्या जिभेवर अँटिबायोटिकनंतर आलेला काळेपणा मला भर रस्त्यात सविस्तर सांगितला. शेवटी जवळच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी गराडूला टेबलावर घेतलं, अंगठ्याने ओठ उचलला, हिरड्या पाहिल्या, मग जीभ हलकेच धरून डागावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. "हाताला काही लागतं का? नाही. सपाट आहे, बाकीच्या जिभेसारखाच मऊ. रंगद्रव्य आहे. माणसाला तीळ असतो तसा." मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी जिथे जरा जास्त जमतात तिथे रंग गडद होतो. केसांत, नाकाच्या शेंड्यावर, पापण्यांच्या कडांना तेच द्रव्य असतं. तिथे आपण त्याला सौंदर्य म्हणतो. काही डाग जन्मापासून असतात, काही पिल्लू मोठं होताना उमटतात. जिराफाची जीभ तर टोकाकडे जवळजवळ काळी असते. दिवसभर ती पानांसाठी उन्हात लांबवायची म्हणून हा बंदोबस्त असावा, असा एक तर्क आहे. त्याला कुणी चाऊ म्हणत नाही.

घाबरायचं कधी, तेही डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मात्र विनोदाचं नाही. डाग उंचवट्यासारखा वर आला, आकार बदलत गेला, रक्त येऊ लागलं, तोंडाला घाण वास सुटला, लाळ गळायला लागली, खाताना त्रास होऊ लागला, तर वेळ न घालवता दाखवायचं. तोंडातला मेलॅनोमा हा कुत्र्यांमधला ओळखीचा आणि वाईट कर्करोग आहे. आणि डागबिग नसताना अख्खी जीभच एकाएकी निळी-जांभळी पडली तर अंगात प्राणवायू कमी पडतोय. तेव्हा वंशावळ काढत न बसता गाडी काढायची. "बाकी हा ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "वजन तेवढं कमी करा. शेव कोण देतं ह्याला?" शेव सगळेच देतात. इंदुरात पाहुण्याला आणि कुत्र्याला शेवेशिवाय परत पाठवत नाहीत.

डाग म्हणजे नुसता डाग, हे दवाखान्याच्या कागदावर लिहून आल्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, आणि का मिटलं नाही ह्यावर मी पुढे बराच विचार केला. काकूंना आईने जिंकलं, आरोग्यवाद्यांना डॉक्टरांनी. पण काका हटेनात. कारण भीती घालवता येते, अभिमान कुठल्या औषधाने जाणार?

आणि आमच्या इंदूरच्या मराठी घरांत वंशाचा अभिमान हे मुळातच घरगुती पक्वान्न आहे. इथे ज्याला विचाराल त्याचे पूर्वज मल्हारराव होळकरांबरोबर आले. कुणाचे पणजोबांचे आजोबा घोडदळात, कुणाचे दफ्तरात, कुणाचे थेट तंबूत शेजारी. एवढे सगळे खरंच बरोबर असते तर मल्हाररावांना घोडा फिरवायला जागा उरली नसती. होळकरांची राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, मल्हारराव जाऊन पन्नासहून अधिक वर्षं लोटली होती. पुष्कळशी मंडळी तर त्यानंतर आली: कुणी संस्थानात कारकून म्हणून, कुणी शाळेत मास्तर म्हणून, कुणी रेल्वेत, कुणी कापडगिरण्यांत. ह्यात कमीपणा काय आहे? पण दिवाणखान्यात तलवार टांगायची तर कारकुनी चालत नाही. घरातल्या जुन्या तलवारीवरचा गंजाचा डाग आणि गराडूच्या जिभेवरचा डाग ह्यांच्याकडून आपली अपेक्षा एकच: त्यांनी काहीतरी मोठं सिद्ध करावं.

मल्हारराव स्वतः १६९३ साली जेजुरीजवळच्या होळ गावात धनगराच्या घरी जन्मले. वडील लवकर गेले, आईने त्यांना खानदेशात तळोद्याला मामांकडे आणलं. तिथे मेंढरं राखत ते वाढले. मेंढपाळाइतकं कुत्रं कुणाला कळणार? रात्री वाड्यावर लांडगा आला की कुठलं कुत्रं पुढे होतं आणि कुठलं शेपूट घालतं, एवढीच त्याची परीक्षा. आणि माणसाचीही. मेंढपाळाच्या पोराला माळव्याची सुभेदारी देताना बाजीरावांनी त्याची जीभ तपासली नव्हती.

पण नंतरच्यांना तपासल्याशिवाय राहवत नाही. रायगडावर शिवाजी महाराजांचा म्हणवल्या जाणाऱ्या वाघ्या कुत्र्याचं स्मारक १९३६ साली उभं राहिलं, त्याला पैसे दिले इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी. तो वाघ्या खरा होता की नव्हता, ह्यावर महाराष्ट्रात आजतागायत भांडणं चालू आहेत; २०१२ साली पुतळा काढला गेला, परत बसवला गेला, २०२५ साली पुन्हा तो हटवण्याची मागणी झाली. कुत्र्याने पुरावा मागे ठेवला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

काकांचा चाऊवाद शेवटी कोसळला तो वादाने नव्हे, लोकशाहीने. गराडूचा भाव वाढलेला पाहून गल्लीतल्या बाकीच्यांनीही आपापल्या कुत्र्यांची तोंडं उघडली. कोपऱ्यावरच्या लॅब्रॅडॉरच्या जिभेवर डाग निघाला. शाळेसमोरच्या, कान कापलेल्या, नसबंदी झालेल्या पांढऱ्या कुत्रीच्या जिभेवर दोन निघाले. पोहेवाल्याच्या ठेल्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची जीभ तर निम्मी काळी. पोहेवाल्याने लगेच त्याच्यासाठी जिलबीचा तुकडा बाजूला ठेवायला सुरुवात केली. अफूच्या जहाजांतून एवढे कुत्रे आले असते तर अफू ठेवायला जागाच राहिली नसती. काकांचा चेहरा उतरला. खानदान असण्याचा आनंद शेजाऱ्याला ते नसण्यात असतो. ठेल्याखालच्या कुत्र्यालाही ते आहे म्हटल्यावर त्यात राम राहत नाही. चार दिवस त्यांनी गराडूकडे पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, "जिभेचं सोड. खरी जात टाळूवर कळते." आणि पुन्हा जबडा उघडला.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे रात्री सराफ्याला गेलो. दागिन्यांची दुकानं बंद होऊन त्यांच्या पायऱ्यांवर खाण्याचा बाजार भरला होता. काकांनी नातवाबरोबर काला खट्टाचा बर्फाचा गोळा घेतला आणि चोखत चोखत टाळूचं शास्त्र मला समजावायला लागले. नातू बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मग म्हणाला, "आबा, जीभ काढा." काकांनी काढली. शेंड्यापासून मागेपर्यंत निळीकाळी, कॅन्टनमध्येही मिळणार नाही अशी. नातवाने मोबाइलचा दिवा लावून एक कड पाहिली, दुसरी कड पाहिली आणि निर्णय दिला.

"डावीकडे एक गुलाबी ठिपका आहे. आबा, तुम्ही बाद."

काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग गोळा पुढे केला. "भिया," ते गोळेवाल्याला म्हणाले, "शरबत थोड़ा और डालो."